सेटिंग ३७.५, तरी पिल्लं दोन दिवस उशिरा: घरच्या इन्क्युबेटरचं तापमान नेमकं कसं धरायचं

गेल्या डिसेंबरात मी ४२ गावरान अंडी थर्माकोलच्या डब्यात, म्हणजे बल्बच्या उबेवर चालणाऱ्या घरच्या इन्क्युबेटरमध्ये लावली. सातव्या रात्री टॉर्चवर धरली तेव्हा ३६ अंड्यांत शिरांचं जाळं स्पष्ट दिसत होतं. २१वा दिवस कोरडा गेला. २२वाही गेला. २३व्या दिवशी दुपारी पहिल्या अंड्याला आतून चोच लागली आणि रात्रीपर्यंत ११ पिल्लं बाहेर आली. पोट फुगलेलं, मऊ, आणि पायावर उभं राहायला खूप वेळ घेणारी. उरलेली अंडी दोन दिवस वाट पाहून फोडली. त्यातल्या १७ अंड्यांत पिसं आलेलं, पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं. मेलेलं.

त्याआधीच्या दोन खेपांनाही थोड्याफार फरकाने हेच झालं होतं. कुणी म्हणालं अंडी शिळी असतील, कुणी म्हणालं पाणी कमी पडलं. अंडी घरचीच होती, कुठलंच पाच दिवसांपेक्षा जुनं नव्हतं. पाण्याचा वाटा रोज भरत होते. सेटिंग पहिल्या दिवसापासून ३७.५, त्याला हातही लावला नव्हता. मग मी डबा रिकामा केला आणि चार दिवस फक्त तापमान मोजत बसले. जे सापडलं ते सगळं खाली लिहिते, कारण हाच डबा, हाच कंट्रोलर आणि हीच तक्रार असलेली निदान पाच-सहा घरं मला माहीत आहेत.

आधी एक गोष्ट वेगळी काढा. सातव्या दिवशीच बहुतेक अंडी कोरी, पाण्यासारखी स्वच्छ दिसत असतील, तर तुमचा प्रश्न तापमानाचा असण्याची शक्यता कमी. तिथे कोंबडा, कोंबड्यांची संख्या आणि अंडी साठवण्याची पद्धत बघावी लागेल. दिवसही नीट मोजा. २१ दिवस म्हणजे ५०४ तास. १ तारखेला संध्याकाळी सहाला अंडी लावली तर २१ दिवस २२ तारखेला संध्याकाळी सहाला पूर्ण होतात. लावलेला दिवसच 'पहिला' धरून मोजणारे बरेच जण एक दिवस आधीच घाबरतात.

पिल्लं काय सांगतात

डब्याचा आकडा काहीही म्हणो, पिल्लू खोटं बोलत नाही. १९ संपून २०वा लागताच पिल्लं निघू लागली, अंगाने लहान, बेंबी नीट न मिटलेली, कधी तिथे रक्ताचा किंवा बलकाचा डाग, तर डबा गरम चालला होता. २२-२३ला निघाली, मोठी पण सुस्त, पोट मऊ, तर डबा थंड होता. आणि निम्मी वेळेवर, निम्मी दीड-दोन दिवसांनी निघाली, तर सरासरी कदाचित ठीक असेल, पण डब्यात एका कोपऱ्यात एक हवा आणि दुसऱ्यात दुसरी. माझी खेप सरळ सरळ थंड गेलेली होती. सेटिंग ३७.५ असूनही थंड कशी गेली, हे शोधायचं होतं.

पहिला दोष: पी-१

आपल्याकडे घरगुती डब्यात सर्रास लागतो तो डब्ल्यू १२०९ नावाचा, तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारा छोटा कंट्रोलर. लाल आकडे, तीन बटणं, बारीक वायरच्या टोकाला धातूची टोपी असलेला, तापमान मोजणारा प्रोब. सेट बटण एकदा दाबलं की तापमान ठरवता येतं आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. मीही थांबले होते. तेच बटण पाच सेकंद दाबून धरलं की आतली यादी उघडते: पी-०, पी-१, पी-२ अशी. पी-० ला 'एच' असायला हवं, म्हणजे गरम करण्यासाठी.

पी-१ म्हणजे बल्ब बंद झाल्यावर तापमान किती खाली उतरलं की तो पुन्हा लागेल. कंपनीतून येताना तिथे २.० असतं. म्हणजे सेटिंग ३७.५ असलं तर बल्ब ३७.५ ला बंद होतो आणि थेट ३५.५ ला उतरेपर्यंत पुन्हा लागतच नाही. येता-जाता बघावं तर कधी ३६.२, कधी ३७.१ दिसायचं आणि मला वाटायचं, चढतंय. प्रत्यक्षात डबा दिवसरात्र ३५.५ ते ३७.५ मध्ये खालीवर होत होता. अंड्याच्या वाट्याला येते ती यातली सरासरी.

पी-१ मी ०.३ वर आणला. ०.१ ठेवू नका, रिले (बल्ब चालू-बंद करणारा कंट्रोलरमधला स्विच) सतत टकटक करतो आणि लवकर जातो. ०.२ ते ०.३ पुरेसं आहे. माझ्या मते उशिरा फुटणाऱ्या घरगुती खेपांमध्ये सगळ्यात आधी तपासायची गोष्ट हीच. एक मिनिट लागतं आणि खर्च काही नाही.

दुसरा दोष: प्रोबच चुकीचं सांगतो

डिस्प्लेवर दशांश दिसतो म्हणून प्रोब दशांशापर्यंत बरोबर असतो असं नाही. बाजारात मिळणाऱ्या डिजिटल सेन्सरचंच बघा: डीएस१८बी२० आणि डीएचटी२२ या दोन्हींसाठी बनवणारेच अर्धा अंश इकडेतिकडे धरायला सांगतात, आणि स्वस्तातल्या डीएचटी११ साठी दोन अंश. घड्याळासकट तापमान आणि आर्द्रता दाखवणारं जे पांढरं यंत्र आपण डब्यात ठेवतो त्यातही एक अंशाचा फरक सहज निघतो. अंड्याला मात्र अर्ध्या अंशानेही फरक पडतो.

माझ्या घरात तेव्हा तीन यंत्रं होती आणि तिन्ही वेगळं सांगत होती. तिघांची सरासरी काढण्याचा मोह होतो. तो टाळा. एक खात्रीचं माप ठरवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यापुढे हजेरी लावायची. घरात असलेलं सगळ्यात खात्रीचं माप म्हणजे ताप मोजायचा डॉक्टरी थर्मामीटर. तो नेमका ३५ ते ४२ अंशांसाठीच बनवलेला असतो आणि आपल्याला हवा तो आकडा बरोबर त्याच पट्ट्यात येतो. चांगला डिजिटल असला तर त्याची चूक ०.१ अंशाच्या आसपास राहते.

पण तो डब्यातल्या हवेत ठेवून उपयोग नाही. डिजिटल असेल तर तो आकडा स्थिर झाला असं समजून वाजतो आणि तिथेच थांबतो. पाऱ्याचा असेल तर सगळ्यात जास्त चढलेला आकडा धरून बसतो, झटकल्याशिवाय उतरत नाही. म्हणून तपासणी पाण्यात करायची.

मी केली ती अशी. रुंद तोंडाचा थर्मास घेतला. त्यात कोमट पाणी भरलं, हाताला जेमतेम ऊबदार लागेल इतकं. कंट्रोलरच्या प्रोबची धातूची टोपी आणि डिजिटल थर्मामीटरचं टोक एकमेकांना चिकटतील असे रबराने बांधले आणि दोन्ही टोकं चार-पाच सेंटीमीटर खोल बुडवली. प्रोबच्या वायरचा सांधा पाण्याबाहेर ठेवला, कारण तिथून पाणी शिरलं की प्रोब कायमचा बिघडतो. चमच्याने हळूहळू ढवळत तीन मिनिटं थांबले. मग थर्मामीटर चालू केला. वाजला तेव्हा १००.० फॅरेनहाइट, म्हणजे ३७.८ सेल्सिअस. त्याच क्षणी कंट्रोलरवर ३८.६ होतं. थर्मामीटर बंद करून पुन्हा, पाणी थोडं निवल्यावर तिसऱ्यांदा मोजलं. दर वेळी प्रोब ०.८ जास्तच दाखवत होता.

याचा अर्थ डिस्प्लेवर ३७.५ असताना डब्यात खरे ३६.७ होते. त्यात पी-१ चे दोन अंश मिळवा आणि माझी पिल्लं २३व्या दिवशी का निघाली ते तुम्हीच बघा.

दुरुस्ती त्याच यादीत आहे. पी-४ मध्ये जो आकडा टाकाल तो कंट्रोलर प्रत्येक मापात मिळवतो. मी तिथे -०.८ टाकलं आणि पुन्हा थर्मासमध्ये तपासलं. दोन्ही जुळले.

पाऱ्याचा थर्मामीटर वापरणार असाल तर पाणी आधी बोटाने तपासा. ४२ अंशांच्या वर गेलं की नळी फुटू शकते, आणि पारा घरात सांडणं वाईट. फॅरेनहाइटचे दोन-तीन आकडे पाठ ठेवा: ९९.५ म्हणजे ३७.५, १०० म्हणजे ३७.८, १०२ म्हणजे ३८.९.

बर्फाच्या पाण्यात शून्य बघून प्रोब तपासा असं सांगितलं जातं. प्रोब पूर्ण बाद आहे का ते त्यातून कळतं, पण शून्याला बरोबर असणारा प्रोब ३७ ला चुकू शकतो. उकळत्या पाण्याचा तर नादच नको. समुद्रसपाटीपासून वर गेलं की पाणी १०० च्या आधीच उकळतं: पुण्यात साधारण ९८ ला, महाबळेश्वरात ९५-९६ ला. जिथे अंडं असतं तिथे, म्हणजे ३७-३८ लाच तपासा.

तिसरा दोष: प्रोब कुठे आहे आणि पंखा कसा जोडलाय

प्रोब स्वतःच्या टोकाचं तापमान सांगतो, अंड्याचं नाही. माझा प्रोब झाकणाला भोक पाडून वरून लोंबत सोडलेला होता, अंड्यांपासून वीतभर वर आणि बल्बच्या उजेडात. धातूच्या टोपीवर थेट उजेड पडला की ती हवेपेक्षा जास्त तापते. कंट्रोलरला वाटतं पुरेसं झालं आणि तो बल्ब बंद करतो. खाली अंडी गारच. शिवाय झाकण उघडलं की सगळ्यात आधी प्रोबच गार होतो.

आता प्रोब अंड्यांच्या वरच्या पातळीला, जाळीला धाग्याने बांधलाय. बल्ब आणि प्रोबच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा आडवा लावलाय, त्यावर चांदीचा कागद. वाऱ्याला वाट मोकळी, उजेडाला आडोसा.

पंख्याची चूक मात्र माझी मला कितीतरी दिवस दिसलीच नव्हती. डबा जोडून देणाऱ्याने पंखा आणि बल्ब दोन्ही एकाच रिलेवर घेतले होते. बल्ब विझला की पंखाही थांबायचा. मग गरम हवा वर चढून बसायची आणि तळाला गारवा. रिकाम्या डब्यात चारही कोपऱ्यांत अर्धा-अर्धा तास माप ठेवून पाहिलं तर दोन कोपऱ्यांत १.४ अंशांचा फरक निघाला. पंखा थेट अ‍ॅडॅप्टरवर घेतला, चोवीस तास चालू राहील असा, तेव्हा तोच फरक ०.३ वर आला. तुमचा पंखा बल्बबरोबर थांबतो का ते आज रात्रीच बघा. वायरिंगला हात लावण्याआधी प्लग सॉकेटातून काढा. आत पाण्याचा वाटा आणि २३० व्होल्ट शेजारी-शेजारी असतात.

पंखाच नसलेला डबा असेल तर ३७.५ हा आकडाच तुमचा नाही. बिनपंख्याच्या डब्यात वर आणि खाली दोन-तीन अंशांचा फरक असतो, म्हणून माप अंड्याच्या वरच्या टोकाला धरून ते ३८.३ ते ३८.९ ठेवतात. खुडूक कोंबडीखालीही असंच असतं. तिच्या अंगाचं तापमान ४१ च्या आसपास, ती वरून टेकते, त्यामुळे अंड्याची वरची बाजू गरम आणि खालची गार. म्हणून तर ती दिवसभर चोचीने अंडी फिरवत राहते. पंख्याच्या डब्याचा आकडा बिनपंख्याच्या डब्याला लावला म्हणून वाया गेलेल्या खेपा मी स्वतः पाहिल्यात.

पाण्याचं अंडं

इथपर्यंत केलं तरी रोजची एक अडचण उरते. हवेचं माप सारखं हलतं. झाकण उघडलं की ३४, पाच मिनिटांनी ३८, आणि आपण घाबरून सेटिंग वरखाली करतो. अंड्याचं तसं नसतं. चाळीस-पन्नास ग्रॅमचा तो पाणीदार गोळा सावकाश तापतो आणि सावकाश निवतो.

म्हणून मी औषधाची छोटी प्लास्टिकची बाटली घेतली, अंड्याएवढं पाणी मावेल अशी. झाकणाला भोक पाडून दुसऱ्या, वेगळ्या डिजिटल थर्मामीटरचा प्रोब आत सोडला आणि भोक मेणाने बंद केलं. हा थर्मामीटरही आधी थर्मासमध्ये तपासलेला. बाटली अंड्यांच्या रांगेत, अंड्यांना चिकटून ठेवली. स्थिर व्हायला दोन-अडीच तास लागतात. त्यानंतर ती जे सांगते ते अंड्याच्या पोटातल्या तापमानाच्या बरंच जवळचं असतं. बाटली बाहेरून कोरडीच हवी, ओली राहिली तर पाणी उडताना ती गार होते आणि कमी सांगते.

दोन प्रोबची अदलाबदल मात्र करू नका. कंट्रोलरचा प्रोब पाण्यात घातला तर पाणी तापेपर्यंत बल्ब जळतच राहील आणि तोवर हवा ४० च्या वर जाईल. बल्ब चालवायचा तो हवेतल्या चपळ प्रोबने. खरं काय चाललंय ते विचारायचं पाण्याच्या अंड्याला. मी सेटिंग बदलते ते फक्त बाटलीचा आकडा सहा तास सलग चुकलेला दिसला तरच, आणि तेही एका वेळी ०.२ ने.

अंडी लावण्याआधी डबा रिकामा, फक्त बाटली ठेवून, पूर्ण २४ तास चालवा. गार अंडी आत गेल्यावर आकडा कोसळतो आणि पुन्हा वर यायला कित्येक तास घेतो. त्या वेळात सेटिंग वाढवू नका.

प्रोब ओला झाला तर

हे वेगळं लिहिते, कारण यात एका रात्रीत सगळी खेप जाते. शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता वाढवायला काही जण आत पाणी फवारतात. प्रोबवर थेंब बसला की पाणी उडताना प्रोब गार होतो आणि कित्येक अंश कमी दाखवू लागतो. कंट्रोलर बल्ब बंदच करत नाही. प्रोब सरकून पाण्याच्या वाट्यात पडला तरी हेच. उबवणीत थोडा वेळ गार पडणं अंडी सोसतात, ४० च्या वरची उष्णता सोसत नाहीत. आर्द्रता हवी असेल तर वाट्याचं तोंड रुंद करा: पहिल्या १८ दिवसांत ४५ ते ५५ टक्के, नंतर ६५ ते ७०. फवारा नको.

रिलेचे संपर्क चिकटूनही बल्ब चालूच राहू शकतो. मी बल्बच्या वायरवर दुसरा थर्मोस्टॅट मालिकेत जोडलाय, ३८.५ ला तोडणारा. पहिला अडकला तरी हा वाचवतो. आणि एका मोठ्या बल्बऐवजी २५ वॅटचे दोन, समांतर जोडलेले. एक उडाला तरी दुसरा रात्र काढून देतो. बल्ब जुना तारेचाच हवा, एलईडीने अंडी उबत नाहीत.

ऋतू आणि लाईट

डबा ज्या खोलीत आहे त्या खोलीचं तापमानही वहीत लिहा. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे खोली १३-१४ पर्यंत उतरते आणि एकटा बल्ब कमी पडतो. पहाटे चारला उठून बघायची गरज नाही. त्या पांढऱ्या घड्याळी यंत्रात कमाल-किमान लक्षात ठेवायची सोय असते. रात्री झोपताना ती पुसा, सकाळी दोन्ही आकडे वाचा. मला पहाटेची घसरण यातूनच कळली. डब्यावर गोधडी टाकली, हवेची भोकं मोकळी ठेवून.

उन्हाळ्यात उलट होतं. कंट्रोलर फक्त गरम करू शकतो, थंड नाही. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच ४० ला गेली तर बल्ब बंद असूनही डबा ३८ ओलांडतो आणि सेटिंग कितीही खाली आणलं तरी फरक पडत नाही. डबा घरातल्या सगळ्यात आतल्या, मातीच्या किंवा जाड भिंतीच्या खोलीत हलवा, नाहीतर तो महिना सोडून द्या.

लाईट गेली तर झाकण उघडू नका. तास-दोन तास अंडी निभावतात. जास्त वेळ जाणार असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेला ठेवा, अंड्यांना न चिकटवता. पंधराव्या दिवसानंतर तर अंडी स्वतःही ऊब देऊ लागतात. त्याच कारणाने शेवटच्या तीन दिवसांत मी सेटिंग ३७.२ वर आणते. त्या दिवसांत पाण्याच्या बाटलीपेक्षा खरं अंडं थोडं जास्तच गरम असतं, हे धरून चालायचं.

या खेपेला

पी-१ ०.३, पी-४ -०.८, पंखा सतत चालू, प्रोब आडोशाला. फेब्रुवारीत पुन्हा ४२ अंडी लावली. सातव्या दिवशी ३५ चांगली. २०व्या दिवशी रात्री साडेनऊला डब्यातून पहिली चिवचिव ऐकू आली, कवच अजून अखंड होतं. २१व्या दिवशी संध्याकाळपर्यंत २७ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी २. बेंब्या मिटलेल्या, सुकल्यावर पाय खणखणीत.

पहिली चोच लागल्याचा तास आणि शेवटचं पिल्लू निघाल्याचा तास, दोन्ही मी वहीत तापमानाच्या शेजारी लिहिते. सगळी खेप २०व्या दिवशीच उरकली तर पुढच्या वेळी सेटिंग ०.२ ने खाली, २२वा ओलांडला तर ०.२ ने वर, पण त्याआधी प्रोब पुन्हा एकदा थर्मासमध्ये. तुमच्या डब्याचं अजूनही जमत नसेल तर पी-१ आणि पी-४ चे आकडे, पंखा आहे की नाही, प्रोब कुठे बांधलाय आणि पिल्लं कितव्या दिवशी निघाली, एवढं लिहून पाठवा. त्यावरून दोष बहुतेक वेळा सापडतो.